‘म्हणजे नक्की काय आहे?’ : कार्यक्रमाचं नाव ठेवताना या चुका टाळा

नवोदित कथालेखकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा होती आणि नाव सुचवायचं काम माझ्याकडे आलं. मी ‘पालवी’ सुचवलं. नवी पालवी, नवे लेखक. सगळ्यांना एकदम आवडलं. पत्रक बाहेर पडलं आणि फोन सुरू झाले. “रोपं विकतही मिळतील का?” “कुंडीतल्या मातीबद्दल सांगणार आहात ना?” पत्रकात नावाखाली बारीक अक्षरात ‘कथालेखन कार्यशाळा’ असं छापलं होतं. पण लोकांनी एकमेकांना सांगितलं ते फक्त ‘पालवी’. बारीक अक्षरं कुणी तोंडी सांगत नाही.

तेव्हापासून माझी कसोटी ठरलेली आहे. नाव फोनवर सांगायचं, सोबत पत्रक नाही, चित्र नाही. समोरच्याने “कधी आहे?” विचारलं तर नाव पास. “म्हणजे काय?” विचारलं तर नापास.

कशालाही बसणारं नाव

झेप, तरंग, स्पंदन, उमंग, क्षितिज. शब्द छान आहेत, अडचण एवढीच की ते कुठेही बसतात. ‘झेप’ धावण्याच्या शर्यतींनाही चालतं, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनालाही आणि नव्या उद्योजकांच्या मेळाव्यालाही. अशी नावं बहुतेक वेळा समितीत ठरतात. ग्रुपवर वीस नावं येतात, मतदान होतं आणि ज्याला कुणाचाच विरोध नाही ते निवडून येतं. विरोध नसतो, कारण त्यात विरोध करण्यासारखं काहीच नसतं. मतदान घ्याच, पण आधी दोघांनी बसून यादी तीनवर आणावी.

सुंदर शब्द सोडायची गरज नाही. त्याला एक ठोस शब्द जोडा: कथा, धाव, नाट्य, करिअर, जे असेल ते. मात्र तो नावातच हवा, खालच्या ओळीत नको.

दुसऱ्या टोकाला जाऊन सगळंच नावात कोंबायचा मोहही होतो. अमेरिकन फुटबॉलच्या एएफएल आणि एनएफएल या दोन लीगच्या विजेत्यांमधला जानेवारी 1967 चा पहिला सामना अधिकृतपणे ‘एएफएल-एनएफएल वर्ल्ड चॅम्पियनशिप गेम’ होता. एवढं कोण म्हणणार? लोक ‘सुपर बोल’ म्हणू लागले आणि 1969 च्या तिसऱ्या सामन्यापासून आयोजकांनीही तेच नाव घेतलं. लांब नाव लोक छाटतातच. कुठून छाटायचं हे त्यांच्यावर सोडलं की नेमका कामाचा शब्द जातो. म्हणून छाटून झालेलं नावच बाहेर पाठवा.

शब्द मोठा, कार्यक्रम छोटा

सगळ्यात जास्त नाराजी इथे होते, आणि आयोजकांना तिचं कारण कळत नाही. ‘कार्यशाळा’ ऐकून माणूस वही-पेन घेऊन येतो, कारण आपल्या हातून काही करून घेतील असं त्याला वाटतं. समोर तीन तासांचं व्याख्यान झालं, तर ते उत्तम असलं तरी तो चुटपुटत घरी जातो. तेच व्याख्यान ‘व्याख्यान’ म्हणून जाहीर केलं असतं तर खूश झाला असता. ‘महोत्सव’ म्हटलं की दोन-तीन दिवस आणि बरंच काही एकाच वेळी चाललेलं डोळ्यांसमोर येतं. ‘परिषद’ म्हटलं की निबंधवाचन, ‘परिसंवाद’ म्हटलं की निदान तीन वक्ते आणि त्यांच्यात थोडे तरी मतभेद. एकच वक्ता असेल तर तो परिसंवाद कुणाशी करणार?

‘भव्य’, ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ यांचंही तसंच. परदेशातून एक जण व्हिडिओ कॉलवर बोलला म्हणून परिषद आंतरराष्ट्रीय होत नाही. आणि ‘पहिला वार्षिक’ तर लिहूच नका. वार्षिक आहे की नाही ते दुसऱ्या वर्षी कळेल.

साल, क्रमांक आणि गाव

टोकियो ऑलिंपिक 2021 च्या उन्हाळ्यात झालं आणि तरी नाव ‘टोकियो 2020’ राहिलं. युरो 2020 ही फुटबॉल स्पर्धाही 2021 मध्ये खेळली गेली. त्यांना ते परवडलं, कारण कुणाचा गोंधळ व्हायची शक्यताच नव्हती. तुमच्या कार्यक्रमाची तारीख पुढे गेली तर लोक जुनी बातमी समजून पान उलटतील. साल तारखेच्या ओळीत राहू द्या.

क्रमांकाचीही गंमत आहे. सुपर बोल रोमन अंक वापरतो, पण 2016 मध्ये पन्नासावा सामना आला तेव्हा रोमन पद्धतीने पन्नास म्हणजे नुसता ‘एल’, तो एकटा कसा लिहायचा म्हणून त्यांनी सरळ 50 लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा रोमन अंक सुरू.

गावाचं नाव घालायचं असेल तर कार्यक्रम तिथेच होणार याची खात्री हवी. अमेरिकेतला वुडस्टॉकचा 1969 चा प्रसिद्ध संगीत महोत्सव वुडस्टॉक गावात झालाच नाही, तो बेथेल इथल्या एका शेतावर झाला. नाव आधी ठरलं, जागा नंतर बदलली.

कानाला बरं, लिहायला अवघड

‘ज्ञान’ने सुरू होणारं नाव घ्या. बोलायला सोपं, पण रोमन अक्षरांत लिहायला सांगा: कुणी डी-एन-वाय लिहील, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. ‘झेप’ कुणी झेडने सुरू करेल, कुणी जे-एचने. वेबसाइटचा पत्ता किंवा ईमेल तोंडी सांगितला की निम्मे लोक भलतीकडे पोहोचतात. उपाय फुकटातला आहे. तिघांना नाव फक्त ऐकवा आणि फोनवर टाइप करायला लावा. तिघांनी तीन तऱ्हा केल्या तर नाव बदला किंवा तिन्ही पत्ते घेऊन ठेवा.

हॅशटॅगमध्ये शब्दांमधली जागा जाते, हे आणखी एक दुखणं. एप्रिल 2013 मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं निधन झालं तेव्हा ‘नाऊ थॅचर्स डेड’ असा हॅशटॅग फिरला. जोडून लिहिलेली ती रोमन अक्षरं अनेकांनी ‘नाऊ दॅट शेर्स डेड’ अशी वाचली आणि जिवंत असलेल्या गायिका शेर यांच्यासाठी शोक सुरू झाला. तुमचं नाव रोमनमध्ये सलग लिहा आणि ज्याला ते माहीत नाही त्याला वाचायला द्या. स्वतः वाचून उपयोग नाही, तुम्हाला ते बरोबरच दिसणार.

एसएमएस पाठवणार असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा. साध्या इंग्रजी संदेशात 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. नावानेच तीस खाल्ली तर तारीख आणि वेळ कुठे लिहिणार?

दुसऱ्याचं नाव

1982 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘गे ऑलिंपिक गेम्स’ भरवायचं ठरलं होतं. अमेरिकेची ऑलिंपिक समिती न्यायालयात गेली आणि स्पर्धा ‘गे गेम्स’ नावाने घ्यावी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1987 मध्ये निकाल समितीच्या बाजूने लागला. ‘टेडएक्स’ हे भाषणांच्या कार्यक्रमांचं नावसुद्धा परवान्याशिवाय वापरता येत नाही. छापायच्या आधी नाव इंटरनेटवर शोधा, सोशल मीडियावर बघा, ट्रेडमार्कच्या नोंदीत बघा. एवढं एका संध्याकाळी होतं.

छापून झाल्यावर लक्षात आलं तर?

नाव नुसतं अस्पष्ट असेल तर बदलू नका. पुढच्या प्रत्येक मजकुरात नावाला चिकटून, त्याच आकारात, ठोस शब्द जोडा, आणि फोन घेणाऱ्यांना पहिलं वाक्य लिहून द्या. नाव भलतंच वाचलं जात असेल किंवा दुसऱ्या कुणाचं निघालं, तर त्याच दिवशी बदला. रंग, चित्र आणि तारीख तीच ठेवा, प्रत्येक संदेशात ‘आधीचं नाव’ लिहा आणि जुनी लिंक नव्या पानाकडे वळवा.

आणि लोकांनी स्वतःच वेगळं नाव पाडलं असेल तर भांडू नका. 1971 मध्ये ‘युरोपियन मॅनेजमेंट फोरम’ म्हणून सुरू झालेली संस्था 1987 मध्ये ‘वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम’ झाली. तिच्या वार्षिक बैठकीला लोक मात्र ती जिथे भरते त्या स्वित्झर्लंडमधल्या गावावरून ‘दावोस’च म्हणतात.

आमच्या पालवीचं पुढे काय झालं? दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा करून ‘पालवी कथाशिबिर’ असं नाव दिलं. रोपांचे फोन थांबले. आता विचारत होते, “अंथरूण-पांघरूण आम्हीच आणायचं का?”