जर्मन पिल्स कशी बनवतात, २० लिटरचा हिशोब

पिल्सनर म्हणजे साधी बिअर असं खूप जणांना वाटतं, पण बनवायला माझ्या मते हीच सगळ्यात अवघड, कारण साहित्य इतकं मोजकं की काही चुकलं तर झाकायला काहीच नसतं. मूळची बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन शहरातली, १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, तिथे बनवली, पुढे जर्मनांनी ती आणखी कोरडी आणि कडवट केली, उत्तर जर्मनीची येव्हर ही बिअर पिऊन बघा म्हणजे कळेल.

महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे हे जर्मनीत वगैरे राहणाऱ्यांसाठी, आणि तिथलेही नियम आधी बघून घ्या.

पाणी हलकं हवं, जड पाण्यात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा घशाला खरखरीत लागतो, तसं असेल तर आरओचं मिसळा. साडेचार किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली) भरडून घ्या, पीठ नको, कारण नंतर सालंच गाळणीचं काम करतात. १५ लिटर पाण्यात ६३ अंशाला ४० मिनिटं, मग ७२ ला अर्धा तास, मग ७८ ला नेऊन गाळा आणि वरून तेवढंच गरम पाणी सोडून उरलेली साखर धुवून घ्या. ६३ ची पायरी घाईत उरकू नका, यीस्टला खाता येणारी साखर तिथेच जास्त तयार होते आणि बिअर कोरडी होते ती त्यामुळेच.

आता ९० मिनिटं खळखळून उकळा, झाकण अजिबात नको, नाहीतर उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो. शेवटचा तास उरला की १८ ग्रॅम मॅग्नम जातीचे हॉप्स, शेवटच्या १० मिनिटांना २५ ग्रॅम हालरटाऊ मिटेलफ्रू जातीचे, आणि गॅस बंद करताना परत तेवढेच.

पटकन १० अंशापर्यंत गार करून ३४/७० या लागर (थंडीत आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं टाका, एकात भागवू नका, थंडीत यीस्ट हळू चालतं. १० ते १२ अंशाला साधारण दोन आठवडे लागतात. फर्मेंटेशन संपत आलं की दोन-तीन दिवस १६ अंशाला ठेवा, लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं.

आणि मग खरं काम, म्हणजे थांबणं. तापमान हळूहळू उतरवत ० ते २ अंशावर आणा आणि निदान पाच-सहा आठवडे हात लावू नका. १८७० च्या दशकात जर्मन इंजिनिअर लिंडेची कूलिंग मशीन्स येईपर्यंत जर्मन ब्रुअर हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरात भरायचे ते याच थंडीसाठी, इतकी ती महत्त्वाची. याच काळात यीस्ट खाली बसतं, गंधकाचा वास जातो, बिअर नितळ होते. तिसऱ्या आठवड्यात चाखली तर बरी लागेल, तरीही थांबाच.

बाटलीत भरताना लिटरला ६ ग्रॅम साखर पुरते. जर्मन शुद्धतेच्या नियमाप्रमाणे जायचं तर साखर चालत नाही, मग उकळल्यावर थोडा वर्ट, म्हणजे यीस्ट टाकण्याआधीचा गोड रस, बाजूला काढून फ्रीज करून ठेवतात आणि बाटल्या भरताना तोच घालतात, मला ही पद्धत जास्त आवडते. दोन आठवडे खोलीत, मग फ्रिजमध्ये, आणि प्यायची ६-७ अंशाला, उंच निमुळत्या ग्लासात, वर चांगला जाड फेस येईल अशी ओतून.