रिचार्जशी बांधलेला ‘स्वस्त’ हँडसेट घेण्याआधी हिशेब आणि कागद कसे तपासावेत

चतुर्थी जवळ आली की म्हापसा, फोंडा, मडगाव येथील मोबाईलच्या दुकानांवर ‘एवढेच भरा आणि फोन घेऊन जा’ अशा पाट्या लागतात. अमेरिकेत मोबाईल सेवा देणारी कंपनी हँडसेटच्या किमतीचा मोठा भाग सुरुवातीला स्वतः उचलते आणि दोन-तीन वर्षांच्या करारातून तो वसूल करते, अशी पद्धत दीर्घकाळ चालत आली. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्यामुळे ते उद्या याच कंपनीकडे राहतील याची खात्री कंपनीला नसते, म्हणून सवलत वेगळ्या वाटेने येते. 2003 मध्ये रिलायन्सने 501 रुपये भरून सीडीएमए तंत्रज्ञानावर चालणारा हँडसेट घरी न्यायची आणि उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडायची सोय दिली. तो हँडसेट दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालत नसे. 2017 मध्ये जिओफोन 1500 रुपयांच्या परताव्यायोग्य अनामतीवर आला. अशा प्रत्येक योजनेत ग्राहकाला कुठेतरी गाठ मारलेली असते. ती गाठ नेमकी कुठे आहे, हे पैसे देण्यापूर्वी शोधण्याची रीत पुढे दिली आहे.

पहिली पायरी: फोनची किंमत आणि सेवेची किंमत वेगळी करा

कागदाचे दोन रकाने करावेत. एकात तोच फोन रोख घेतल्यास पडणारी किंमत लिहावी, दुसऱ्यात योजना संपेपर्यंत करावयाच्या सर्व रिचार्जची बेरीज. एअरटेलने ऑक्टोबर 2021 मध्ये जाहीर केलेली योजना उदाहरणादाखल घेऊ: सुमारे 12000 रुपयांपर्यंतचा स्मार्टफोन घेणाऱ्याला 6000 रुपये परत मिळणार होते, मात्र त्यासाठी 36 महिने सलग 249 रुपये किंवा त्याहून अधिकचा पॅक मारायचा होता, 2000 रुपये 18 महिन्यांनी आणि उरलेले 4000 रुपये 36 महिन्यांनी मिळणार होते. 28 दिवसांच्या पॅकने तीन वर्षे काढायची तर किमान 40 रिचार्ज लागतात, म्हणजे 9960 रुपये. ज्याला एरवीही तेवढा डेटा लागतोच, त्याच्यासाठी हा सौदा वाईट नव्हता. पण घरातील वडीलधाऱ्या माणसाला केवळ बोलण्यापुरता फोन हवा असेल, तर त्याच्या गळ्यात तीन वर्षांचा डेटा बांधण्यात काय हशील? डिसेंबर 2024 मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फक्त कॉल आणि एसएमएस देणारे व्हाउचर उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तुलना करावयाची ती त्या दराशी.

याच हिशेबात एक धोकाही धरावा. वर सांगितलेली योजना येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच नोव्हेंबर 2021 अखेर कंपनीने दर वाढवले आणि 249 रुपयांचा पॅक 299 रुपयांचा झाला. ट्रायच्या नियमानुसार ग्राहकाने घेतलेल्या प्लॅनमध्ये पहिले सहा महिने कंपनीला त्याच्या तोट्याचा बदल करता येत नाही, आणि एकरकमी पैसे भरून घेतलेल्या वैधतेला ती वैधता संपेपर्यंत संरक्षण असते; परंतु 28 दिवसांचा पॅक संपल्यावर पुढचा कोणत्या दराने मिळेल, याची हमी तीन वर्षांच्या योजनेतही नसते.

दुसरी पायरी: करार कोणाशी करतो आहोत ते पाहा

दुकानातल्या एका टेबलावर आपण बहुधा तीन वेगळे करार करत असतो: फोनची खरेदी दुकानदाराशी, हप्त्यांचे कर्ज वित्तसंस्थेशी आणि सेवा मोबाईल कंपनीशी. फोन आठ दिवसांत बिघडला तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्ज देणाऱ्याने दुरुस्तीची जबाबदारी घेतलेली नसते. म्हणून कर्जाचे मुख्य तपशील सांगणारे पत्रक मागून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यात वार्षिक टक्केवारीत एकूण खर्च लिहिलेला असावा लागतो. ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरील 18 टक्के जीएसटी असू शकतो. हप्ता चुकल्यास फोन दूरवरून बंद करणारे ॲप त्यात टाकले जाणार आहे का, हेही विचारून लेखी घ्यावे. माझे मत विचाराल तर कर्ज बँकेकडे आणि नंबर कंपनीकडे राहावा. दोन्हींची दोरी एकाच हातात देऊ नये.

तिसरी पायरी: बाहेर पडण्याचे कलम वाचा

पुष्कळ ग्राहक समजतात की नंबर पोर्ट करणे, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलणे, हा बिनशर्त हक्क आहे. नंबर पोर्टेबिलिटी देशभर 20 जानेवारी 2011 पासून लागू झाली हे खरे; पण करारात बाहेर पडण्याचे कलम असेल आणि ग्राहकाने त्यातील अट पूर्ण केलेली नसेल, तर पोर्टिंगची विनंती नाकारता येते. हँडसेट ज्या करारात बांधलेला असतो, त्यात हेच कलम महत्त्वाचे ठरते. मुदतीआधी निघाल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि ती दर महिन्याला कमी होत जाते का, एवढे दोन प्रश्न दुकानदाराला विचारावेत. तो ‘काही नसते हो’ म्हणाला, तर तेच वाक्य कागदावर लिहून मागावे.

कलमाची अडचण नसेल तर पुढची प्रक्रिया सोपी आहे. रोमन लिपीत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि तो संदेश 1900 वर पाठवावा. आठ अक्षरी कोड येतो व तो चार दिवस चालतो. तो घेऊन ओळखपत्रासह नव्या कंपनीच्या दुकानात जावे. सध्याच्या कंपनीकडे 90 दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेड असल्यास मुदत उलटून गेलेले बिल थकलेले नसावे. प्रीपेडमधील शिल्लक रक्कम नव्या कंपनीत येत नाही, म्हणून ती संपवूनच निघावे. 1 जुलै 2024 पासून आणखी एक अट आली आहे: सिमकार्ड बदलून सात दिवस होईपर्यंत कोड मिळत नाही. पावसाळ्यात फोन भिजून नवे सिम घेतलेल्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गोव्यातील वाचकांसाठी आणखी एक बारकावा. दूरसंचाराच्या नकाशात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे सेवाक्षेत्रात, येतो, मात्र मुंबई वेगळी सर्कल आहे. त्यामुळे दोडामार्गाहून साखळीला राहायला आलेल्याचा नंबर त्याच सर्कलमधला धरला जातो आणि तीन कामकाजाच्या दिवसांत पोर्ट होतो. कारवार किंवा मुंबईचा नंबर असेल तर कामकाजाचे पाच दिवस लागतात.

चौथी पायरी: घरची रेंज आणि बिल तपासा

दुकानात पूर्ण रेंज आणि घरी मागील दारी गेल्याशिवाय आवाज नाही, हा अनुभव सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवर नवा नाही. तीन वर्षे बांधून घेण्यापूर्वी त्याच कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन स्वतःच्या घरात आणून पाहावा. कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो. तोही पाहावा, पण विश्वास शेजाऱ्याच्या फोनवर अधिक ठेवावा.

फोन हातात आल्यावर *#06# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, डब्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी जुळवावा. रोमन लिपीत ‘केवायएम’ आणि पुढे तो क्रमांक असा संदेश 14422 वर पाठवल्यास फोनची माहिती मिळते.

पाचवी पायरी: फसगत झाल्यास क्रमाने चढा

प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते आणि त्याचा निकाल 39 दिवसांत लागणे अपेक्षित असते. ट्रायला पत्र लिहिण्यात अनेकांचे आठवडे जातात, मात्र व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करणे हे ट्रायचे काम नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. मोबाईलची तक्रार तिथे चालत नाही असा युक्तिवाद कंपन्या करीत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये तो फेटाळला. आपण जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगातच दावा लावता येतो, मोबदल्याची रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सोबत बिल, कर्जाचे पत्रक, डॉकेट क्रमांक आणि दुकानदाराकडून लिहून घेतलेला तो कागद जोडावा.