संधिप्रकाशात समुद्रकिनारी व्यक्तिचित्र टिपताना

कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य मावळल्यावरही समुद्रावरचे आकाश साधारण २० मिनिटे उजळ राहते, आणि त्या वेळात समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या व्यक्तीचा चेहरा काळवंडू न देणे हेच खरे काम असते. त्यासाठी कॅमेरा मॅन्युअल मोडवर, म्हणजे सेटिंग्ज स्वतः हाताने ठरवता येतील असा ठेवून आधी आकाशाचे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवावे, मग चेहऱ्यापुरता फ्लॅश अगदी कमी शक्तीवर, एका बाजूने द्यावा. फ्लॅशवर फिकट नारिंगी जिलेटिन कागद लावल्यास त्वचा पांढरीफटक न दिसता मावळतीच्या रंगाशी जुळते. माझ्या मते हा स्वस्त कागद महागड्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगी आहे. प्रकाश झपाट्याने उतरतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी एक्स्पोजर तपासावे आणि लेन्सवर बसणारे खारे तुषार मऊ कापडाने टिपत राहावे.