मानांकनाचा अर्ज: सांगली-साताऱ्याच्या वकिली फर्मसाठी

'तुमच्या फर्मची निवड झाली आहे, ट्रॉफीसाठी एवढी रक्कम भरा' असा मेल आला तर तो सरळ डिलीट करा. वकिली फर्मना विषयवार क्रम देणाऱ्या चेंबर्स अँड पार्टनर्स किंवा लीगल 500 यांच्या यादीत येण्याला पैसे पडत नाहीत. अर्ज फुकट, तपासणीही फुकट. प्रोफाइल आणि लोगोचे पैसे असतात, पण ते घेतले नाहीत म्हणून क्रम घसरत नाही.

आधी विषय ठरवा, कारण दर विषयाला वेगळा अर्ज लागतो. 'दिवाणी, फौजदारी, महसूल, सर्व कामे' असे लिहिणारी फर्म क्रमवारीच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. सहकार, साखर किंवा भूसंपादन यांतले तुमचे काम कोर्टकज्ज्यांचे असेल, तर 'विवाद-निवारण' या विषयात एकच अर्ज नीट भरा.

चेंबर्सच्या अर्जात जास्तीत जास्त 20 कामे देता येतात: 10 प्रसिद्ध करण्याजोगी, 10 गोपनीय. ती साधारण गेल्या वर्षभरातली हवीत. वीस भरलीच पाहिजेत असे नाही. आठ दमदार कामे वीस किरकोळ चेक बाऊन्सपेक्षा बरी.

खरी गडबड होते ती कामाच्या वर्णनात. वाचणारा संशोधक बहुधा लंडनमध्ये बसलेला असतो. 'मुकादमाने उचल घेऊन टोळी आणली नाही, कारखान्याचा वसुलीचा दावा' हे आपल्या बार रूममध्ये एका दमात कळते, तिथे नाही. त्याला असे सांगा: ऊसतोडणीसाठी आगाऊ रक्कम घेतलेल्या ठेकेदाराने मजूर आणले नाहीत; रक्कम इतकी; करारावरची सही नाकारली; मुद्दा पुराव्याचा; अंतरिम आदेश अमुक तारखेला. मग फर्मने नेमके काय केले, कुणी केले, समोर कोण होते. 'यशस्वीरीत्या बाजू मांडली' या वाक्यातून त्याच्या हाती काही लागत नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याखाली आले. तिथली रिट आणि अपिले अर्जात वजनदार ठरतात. मात्र युक्तिवाद बाहेरच्या दुसऱ्या वकिलाने केला असेल तर तसेच लिहा. संशोधक त्यांनाही विचारू शकतो.

संदर्भ देणाऱ्यांचा, म्हणजे तुमच्या कामाबद्दल संशोधक ज्यांना मेलवर विचारतो त्यांचा, तक्ता वेगळा असतो, त्यात 20 नावांपर्यंत जागा. इथे लोक कारखान्याच्या चेअरमनचे नाव घालतात. चेअरमन मेल उघडत नाहीत. फाइल घेऊन तुमच्याकडे बसलेला लीगल ऑफिसर किंवा पतसंस्थेचा वसुली अधिकारी द्या. इंग्रजी मेलला तो स्वतः उत्तर देईल का, हे आधी विचारा. स्पॅम फोल्डर बघायलाही सांगा. उत्तरच आले नाही तर चांगला अर्जही लंगडा पडतो. उत्तर मात्र त्याच्या मनचे असू द्या, मजकूर लिहून देऊ नका.

पक्षकाराचे नाव घालण्यापूर्वी लेखी संमती घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 चे कलम 132 (जुन्या पुरावा कायद्याचे 126) पक्षकाराने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्याच्या संमतीशिवाय उघड करायला वकिलाला मनाई करते, आणि अर्जातल्या 'गोपनीय' रकान्यामुळे त्यातून सुटका होत नाही. परवानगी नसेल तर ते काम सोडून द्या.

यादीत नाव आले की पाटी रंगवायला धावू नका. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 जाहिरात आणि काम मागणे, दोन्हीला मनाई करतो. पाटीवर विशेष प्रावीण्यही लिहिता येत नाही. 2008 च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद क्रमांक, पात्रता, कामाची क्षेत्रे अशी ठराविक माहिती चालते. त्या यादीत मानांकन नाही. मोठ्या शहरांतल्या फर्म ते झळकवतात हे खरे, पण तक्रार झाली तर राज्य बार कौन्सिलपुढे तुम्हालाच उभे राहावे लागेल. चौकशी करणाऱ्या कंपनीला तो तक्ता स्वतः शोधता येतो.