टीव्हीच्या डोक्यावर हात: नागपुरात राहून मीडिया आर्टचं जतन शिकताना

ज्युनियर्स हल्ली विचारतात, दादा ते जुन्या व्हिडिओ आर्टचं जतन तू करतो ते नेमकं काय असते, नागपुरात राहून होते का, की मुंबईला जावंच लागते. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

मी बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या ओळखीतले एक रिटायर्ड सर, चित्रकार, त्यांनी नव्वदच्या दशकात एक इन्स्टॉलेशन केलं होतं. एका लांब बाकावर तीन जुने डबा टीव्ही आणि त्यावर गोळीबार चौकाकडच्या हातमागांचं शूटिंग, व्हीएचएस कॅमेऱ्याने केलेलं. ते काम मोजून दोनदा मांडलं गेलं, नंतर पाच कॅसेट पॉलिथिनच्या पिशवीत घालून माळ्यावर गेल्या त्या गेल्याच. मला प्रोजेक्टला विषय हवा होता आणि सर म्हणाले, घेऊन जा.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. घरी आणून एक कॅसेट सरळ व्हीसीआरमध्ये टाकली आणि प्ले दाबलं. काही सेकंद चित्र दिसलं, मग नुसत्या मुंग्या, मग आतून कचकच आवाज. बाहेर काढली तर टेप चुरगळलेली. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघितलं असतं तर रिळाच्या कडेला पिठासारखी पांढरी बुरशी तेव्हाच दिसली असती. चार सेकंदांचं चित्र कायमचं गेलं, सरांना सांगताना मला फार वाईट वाटलं. म्हणून आधी हेच सांगतो, जुनी टेप हाती आली की पहिले बघा, फोटो काढा, लेबलवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा, वास घ्या, आणि प्ले सगळ्यात शेवटी.

व्हीसीआर घेऊन मी सीताबर्डीला एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. या क्षेत्रातलं माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. त्यांनी झाकण उघडून आतला चकाकणारा ड्रम दाखवला, टेप वाचणारं नाजूक हेड त्यावरच असतं, आणि म्हणाले, "कापसाचा बोळा नको लावू बापा, धागा अडकते अन् हेड तुटते." आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला नुसता टेकवायचा, तो हात अजिबात हलवायचा नाही, दुसऱ्या हाताने ड्रम हळूहळू फिरवायचा. वरखाली घासायचं तर नाहीच. मी दहा-बारा दिवस रोज जाऊन बसलो. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, म्हणजे आता जे मशीन आहे ते जुनंच आणि बेल्ट, पिंच रोलर सगळं जुन्या मशीनमधून काढूनच मिळतं. असे मेकॅनिक तुमच्या गावात असतील तर त्यांच्याकडे वही घेऊन जाऊन बसा, आमच्या कोर्सच्या पुस्तकांत यातलं काहीच नव्हतं.

आपल्या नागपूरच्या हवेचंही सांगितलंच पाहिजे. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, त्यात टेपचा प्लास्टिकचा पट्टा आणि त्यावरचं चुंबकीय थराचं चिकट द्रव्य दोन्ही खराब होतात. मग लोक मायेने ती पेटी खाली कूलरच्या खोलीत आणून ठेवतात आणि ते आणखी वाईट, कारण कूलर ओली हवा फेकतो आणि बुरशीला तेच पाहिजे असतं. घरातली आतली खोली बघा, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट, कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या, पूर्ण रिवाइंड केलेल्या, स्पीकरपासून लांब. एसी नसला तरी एवढं केल्याने खूप फरक पडतो.

बाकी चार कॅसेट साफ करून मी डिजिटाइज केल्या आणि तिथे दुसरी चूक केली. आपल्याकडचा पाल पद्धतीचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे दोन अर्ध्या चित्रांची असते, म्हणून सेकंदाला ५० फील्ड. कॉम्प्युटरवर थांबवून बघितलं की हातमागावर धावणाऱ्या धोट्याच्या कडेला फणीसारखे दात दिसत होते. मला वाटलं हा बिघाड आहे, म्हणून कॅप्चर करतानाच डीइंटरलेस करून टाकलं, म्हणजे दोन फील्ड एकत्र करून ते दात घालवले. पण ते दात म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच आहे, धोटा इकडून तिकडे जातानाचा अर्धा-अर्धा क्षण त्यात आहे आणि मी तो पुसत होतो. सगळं परत केलं. मास्टर फाइल टेपवर आहे तशीच ठेवायची, सुंदर बघायची कॉपी वेगळी बनवायची. अनकम्प्रेस्ड टेन-बिट ठेवलं तर तासाला जवळपास १०० जीबी लागतात, त्यामुळे मी मॅट्रोस्का फाइलमध्ये (एमकेव्ही) एफएफव्ही१ नावाचं कॉम्प्रेशन वापरलं, त्यात काहीही न गमावता फाइल बरीच लहान होते. एमपी४ ला मास्टर समजू नका. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढून ठेवा, तो फाइलचा अंगठ्याचा ठसा, एक बिट बदलला तरी जुळत नाही. आणि तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरी.

तर मला वाटलं झालं काम. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन सरांकडे गेलो, त्यांच्या नव्या एलईडी टीव्हीवर लावलं, ते शांतपणे बघत राहिले आणि मग म्हणाले, "हे माझं शूटिंग आहे, माझं काम नाही." लोकांनी बाकाजवळ यायचं आणि टीव्हीच्या डोक्यावर हात ठेवायचा असा तो प्रकार होता. डबा टीव्ही तासाभराने तापतो, हाताखाली बारीक थरथर लागते, आणि समोर विणकर काम करून राहिला आहे. ती ऊब हेच काम होतं. मी सात महिने कॅसेटच्या मागे होतो आणि हे विचारलंच नव्हतं.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये क्युरेटर जॉन इपोलिटो वगैरे मंडळींनी व्हेरिएबल मीडिया नावाने जी पद्धत मांडली ती मी यानंतर वाचली आणि तेव्हा ती खरी समजली. कलाकार हयात असतानाच त्याला विचारून ठेवायचं, की यातलं काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर काम मेलं. मूळ वस्तू साठवायची, की नव्या माध्यमात न्यायची, की जुन्या मशीनची नक्कल दुसऱ्या मशीनवर चालवायची, की पूर्ण नव्याने मांडायची, हे प्रत्येक कामाला वेगळं. सरांशी मी चार बैठका करून रेकॉर्ड केल्या. माझ्या संशोधनाचा सगळ्यात मोलाचा भाग त्या बैठका आहेत, फाइल नाहीत.

इंटर्नशिपचं म्हणाल तर मी नंतर एका संस्थेत दोन महिने केली, नाव घेत नाही. स्टायपेंड नव्हता, राहणं स्वतःचं, आणि पहिला महिनाभर फक्त एक्सेलमध्ये एंट्री. मला मशीनला हात लावू दिला नाही याचा राग अजून आहे. म्हणून मेल करतानाच स्पष्ट विचारा, पैसे किती, राहायची सोय आहे का, आणि एक टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला करू द्याल का. मेलमध्ये मार्कशीटपेक्षा स्वतः केलेला एका कॅसेटचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे तिच्या अवस्थेची नोंद, जोडा, त्याने फरक पडतो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून जतनाच्या कार्यशाळा घेते. आवाजाकडे ओढ असेल तर गुरुग्रामला लोक आणि शास्त्रीय संगीताचं आर्काइव्ह आहे, एआरसीई, १९८२ चं. घरबसल्या बघायचं तर पॅडडॉटएमए (pad.ma) ही व्हिडिओ आर्काइव्हची वेबसाइट, तिथे व्हिडिओच्या प्रत्येक तुकड्यावर टिपणं कशी करतात ते बघा.

पण विषयासाठी बाहेर जाऊ नका हो. इथे भीमगीतांच्या आणि जलशांच्या कॅसेट घरोघरी आहेत, झाडीपट्टीच्या नाटकांचं व्हीएचएस शूटिंग आहे, मल्टिमीडिया क्लासच्या पोरांनी फ्लॅशमध्ये केलेली कामं सीडीवर आहेत आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा सपोर्टच बंद झाला, ती आता रफलसारख्या इम्युलेटरवर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून बघावी लागतात. एवढं काम पडलंय. फक्त परवानगी घ्या, लेखी. कॅसेट ज्याच्या घरी आहे तो गाण्याचा मालक नसतो, ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट आपल्याकडे ६० वर्षं राहतो, त्यामुळे मिळालं की लगेच यूट्यूबवर टाकणं नको.

सरांचं काम पुन्हा मांडायचं ठरलंय. इतवारीच्या भंगारातून दोन टीव्ही मिळाले, मेकॅनिक काकांनी चालू करून दिले, चादर घालून मित्राच्या घरी ठेवलेत आणि महिन्यातून एकदा तासभर लावून बघतो, नीट तापतात. तिसरा अजून नाही मिळाला. एकवीस इंची पाहिजे, मागून फुगीर, कोणाकडे चालू असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला सांगा.