उघडीप पडली म्हणून युरिया फोकू नका

पावसानं उघडीप दिली की पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. पीक पिवळं पडलेलं, माती वरून ओली, सकाळीच फोकून मोकळं व्हायचं. याच घाईत पिकाच्या तोंडचं नत्र हवेत जाताना दर हंगामात पाहतोय. ओली माती आणि वर ऊन-वारा, युरियाला याहून वाईट वेळ नाही. दोन दिवसांत दमदार पाऊस दिसत नसेल आणि मातीआड करायची सोय नसेल, तर गोणी फोडूच नका.

दाणा ओलीत विरघळला की मातीतलं युरिएज विकर त्याचं अमोनियम करतं. दाण्याभोवतीचा सामू चढतो आणि अमोनिया वायू होऊन निसटतो, बहुतेक पहिल्याच आठवड्यात. परिस्थिती फारच वाईट असेल तर दिलेल्या नत्राचा तिसरा हिस्साही असा जातो. चुनखडीच्या, हलक्या आणि पालापाचोळा पसरलेल्या जमिनीत धोका जास्त.

"वास तर येत नाही," असं ऐकवलं जातं. नाकाला कळेल त्याहून फार कमी अमोनिया शेतावर असतो, वास येणार कुठून? संशोधक तो अवरक्त लेसरनं पकडतात. शेताच्या एका कडेला लेसर, समोरच्या कडेला आरसा. विद्युतप्रवाह किंचित कमी-जास्त करून लेसरची तरंगलांबी भराभर पुढे-मागे सरकवतात. अमोनिया 10 मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतो. तरंगलांबी नेमकी अमोनिया शोषतो त्या जागी आली की परतणारा प्रकाश घटतो, बाजूला सरकली की पुन्हा वाढतो. किती घटला त्यावरून वायूचं प्रमाण कळतं, आणि वाऱ्याचा वेग जोडला की उडालेल्या नत्राचा हिशेब लागतो.

तुम्ही लेसर घ्यायची गरज नाही. कोणी गॅस दाखवणारी 'बंदूक' गळ्यात मारायला आलाच, तर कोणता वायू दिसतो ते आधी विचारा. बायोगॅसची गळती शोधणारं यंत्र बहुधा 1.65 मायक्रॉनवर मिथेन पाहतं, अमोनिया त्याला दिसत नाही. लेसरच्या उजेडात गळता वायू काळ्या धुरासारखा दाखवणारे कॅमेरेही आहेत, पण ते नळ्या आणि टाक्यांसाठी.

खात्रीच करायची तर लाल लिटमसची पट्टी पावसाच्या पाण्यात भिजवून बरणीच्या आत चिकटवा आणि बरणी युरिया पडलेल्या जागेवर पालथी घाला. पट्टी निळी पडली की समजा, नत्र चाललं. मातीआड केलेल्या युरियावर दुसरी बरणी ठेवून ताडून पाहा.

आता करायचं ते:
- युरिया ओळीशेजारी द्या, कोळप्यानं 5 सेंमी मातीआड करा.
- ते जमत नसेल तर लगेच 12 ते 15 मिमी पाणी द्या. नुसती रिपरिप घातकच, दाणा विरघळतो पण खाली उतरत नाही.
- भातखाचरातलं पाणी काढून चिखलात द्या. साचलेल्या पाण्याचा सामू शेवाळामुळे दुपारी चढतो.
- ठिबक असेल तर त्यातूनच, थोडा थोडा.

दुकानदार म्हणेल, निंबोळी लेपाचा युरिया आहे, काही होत नाही. लेप नायट्रेट होणं लांबवतो, अमोनिया उडणं थांबवत नाही. युरिएज रोखणारं औषध खरंच काम करतं, पण कोळपं चालत असेल तर त्यावर पैसा घालू नका.

बाकी कामं: साचलेलं पाणी काढणे, निंदणी, विरळणी, कामगंध सापळे.

पीक फारच पिवळं असेल आणि वापसा नसेल, तर 2 टक्के युरिया फवारा, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम. माझा अंदाज असा की संध्याकाळची फवारणी जास्त लागू पडते. भर उन्हात मात्र फवारू नका, पानांच्या कडा करपतात.