फ्रेंच टॉर्पेडो बोटीचं मॉडेल: लाकडाला हात लावण्याआधी

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या पॅटर्नचं काम करणारा माणूस ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातली तारीख आणि रिव्हिजन बघतो, माप नंतर. वाफेवर चालणाऱ्या फ्रेंच टॉर्पेडो बोटींच्या नादाला लागायचं तर हीच शिस्त पाहिजे. फ्रान्सनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असल्या बोटी ढिगानं बांधल्या. बहुतेकींना नावं नाहीत, नुसते नंबर. १८८६ साली ॲडमिरल ओब नौदलमंत्री झाले तेव्हा तर अवाढव्य युद्धनौकांपेक्षा लहान, स्वस्त आणि वेगवान बोटी बऱ्या, या विचाराचा तिथं मोठा जोर होता.

म्हणून एक नंबर धरा आणि एक साल धरा. नुसती ‘फ्रेंच टॉर्पेडो बोट’ करायला घेतली की हमखास चार बोटींची खिचडी होते. ४५ आणि ४६ नंबरच्या बोटी घ्या. २३ ऑगस्ट १८८४ ला चीनमध्ये फुचौजवळ, ॲडमिरल कुर्बे यांच्या ताफ्यातून या दोघी चिनी जहाजांवर चालून गेल्या. त्यांनी नळीतून टॉर्पेडो सोडला नाही. नाकापुढं लांब दांडा, दांड्याच्या टोकाला स्फोटकं, आणि ती नेऊन थेट शत्रूच्या बुडाला भिडवायची. ४६ नं यांगवू हे चिनी फ्लॅगशिप असंच गाठलं. तुमचं मॉडेल त्या दिवसाचं असेल तर डेकवर टॉर्पेडोच्या नळ्या कशाला?

कागद कुठं मिळतात? फ्रेंच लष्कराचं ऐतिहासिक दप्तर पॅरिसजवळ व्हँसेनला आहे, नौदलाचे कागद तिथं. घरबसल्या बघायचं तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गालिका हे डिजिटल दालन फुकट आहे. १८७८ साली सुरू झालेलं ‘ल याट’ हे जुनं नियतकालिक चाळा, त्यात नौदलाच्या बातम्याही येत. शोधताना इंग्रजी शब्द टाकून भागत नाही. टॉर्पेडो बोटीला फ्रेंचमध्ये ‘तॉर्पियर’, तो शब्द त्यांच्या स्पेलिंगनं (torpilleur) टाका, पुढं नंबर, आणि शेर्बूर, ब्रेस्त किंवा तुलाँ यांपैकी एखादं बंदर. जुन्या छपाईचं स्कॅनिंग असल्यानं आकडे चुकीचे वाचले जातात, तेव्हा नंबर सापडला नाही म्हणून लगेच हात टेकू नका. पानं डोळ्यांनी चाळा.

आराखडा मिळाला की गडी खूश होतो आणि करवत काढतो. जरा दम धरा. ल आव्रच्या नॉर्मां यार्डाचं या कामात मोठं नाव, पण बोटी बांधणारे यार्ड एकच नव्हते, आणि बोट पाण्यात पडल्यावरही तिच्यात बदल होत राहिले. ३५ मीटरवाल्या बोटी तर समुद्रात अस्थिर म्हणून बदनाम झाल्या आणि त्यांत फेरफार करावे लागले. म्हणजे सुरुवातीचा आराखडा आणि दहा वर्षांनंतरचा फोटो एकमेकांशी जुळतीलच असं नाही. माझा नियम साधा आहे: माप आराखड्याचं, डेकवरचं सामान फोटोचं.

स्केलबद्दल फार बोलत नाही. १:४८ हे फूट-इंचवाल्यांचं. फ्रेंच कागद मीटरमध्ये, तेव्हा १:५० घ्या. ३५ मीटरची बोट बरोबर ७० सेंटिमीटर होते आणि रंकाळ्यावर न्यायला स्कूटरवर मावते. फक्त कागदावरची लांबी टोकापासून टोकापर्यंतची की लंबांतली (आराखड्यावरच्या पुढच्या आणि मागच्या उभ्या रेषांमधली), ते तपासा.

आता फोटो. तुलाँच्या मारियस बार या छायाचित्रकाराचे जहाजांचे फोटो आणि त्या काळातली पोस्टकार्डं, हा खरा खजिना. कार्डावरचा टपालाचा शिक्का मात्र फोटोची तारीख सांगत नाही; एकच प्लेट वर्षानुवर्षं छापली जायची. बाजूनं काढलेल्या फोटोत एक धुराडं दिसतं, पण शेजारी-शेजारी उभी दोन धुराडीही बाजूनं एकच दिसतात. समोरून किंवा तिरका काढलेला फोटो मिळाल्याशिवाय धुराड्याला भोक पाडू नका.

रंग तर फोटोवरून ठरवूच नका. त्या काळच्या प्लेटला लाल दिसत नसे आणि निळा जास्त दिसे, त्यामुळं लाल काळपट उतरतो आणि निळा पांढुरका. झेंडा बघितलात की लगेच पटेल. झेंड्यावरून आठवलं, फ्रेंच नौदलाच्या झेंड्याचे पट्टे सारखे नसतात: निळा ३०, पांढरा ३३, लाल ३७ या प्रमाणात. बाजारातला तयार तिरंगी झेंडा चिकटवला की जाणकार तिथंच हसतो.

प्रत्येक भागासाठी वहीत एक ओळ ठेवा: काय, कशावरून, कुठल्या सालचं. ज्याला पुरावा नाही त्यापुढं ‘अंदाज’ असं सरळ लिहा. होचकिसची ३७ मिलिमीटरची तोफ असेल तर ती पाच नळ्यांची फिरती की एका नळीची, हे आधी फोटोत मोजा. १:५० ला त्या नळीचं भोक पाऊण मिलिमीटरपेक्षाही बारीक येतं. लेथवाल्याच्या मागं लागू नका, गुजरीतल्या सोनाराकडं जा. त्याला पितळेची तार आणि वहीतलं माप द्या, आणि लग्नसराई सोडून जा.